अश्रूंची आगाऊ तजवीज

पंच्याहत्तरी जवळ आली आणि मुलांनी हॉल बुक केला, म्हणजे आत्मचरित्र लिहिणं तुम्हाला आता टळत नाही. आयुष्य जगून झालेलं आहेच, राहता राहिल्या भावना. त्यांची काळजी नको, त्या तयार मिळतात.

पहिल्या पानावर आई हवी. आई आली की दंड घातलेलं लुगडं, चुलीचा धूर आणि ‘मला भूक नाही रे’ हे सगळं मागोमाग येतं. तुमची आई खरं तर मुख्याध्यापिका होती, पत्त्यांत बिनदिक्कत लबाडी करायची आणि सकाळचा पहिला चहा दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही, ही माहिती घरातच ठेवा. अशा बाईसाठी वाचक रडत नाही, त्याची तिच्याशी ओळख होऊन बसते. अभ्यास अर्थातच कंदिलाच्या उजेडात. घरात वीज होती म्हणता? लिहिताना तेवढी घालवता येते.

दुःख आलं की ते दुःख आहे असं बजावून लिहा. ‘माझ्या काळजाचे तुकडे झाले.’ नुसतं काय घडलं ते सांगून गप्प बसलात तर वाईट वाटायचं कामही वाचकावरच पडतं. लक्ष्मीबाई टिळकांचं हेच चुकलं. 1895 मध्ये त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाले, संसार उधळला, आणि 1934 साली पहिला भाग निघालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये बाई स्वतःच्याच फजितीवर हसतात! दया पवारांनी 1978 साली ‘बलुतं’मध्ये याहून अवघड करून ठेवलं. त्यात त्यांच्याच आतला दगडू मारुती पवार सांगतो, शिकलासवरलेला दया पवार ऐकतो, आणि माणूस जे स्वतःशीसुद्धा बोलत नाही ते छापलं जातं. तुमच्या प्रकाशनाला पालकमंत्री यायचे आहेत. तुम्हाला हे परवडणार नाही.

म्हणून धाकट्या भावाशी बांधावरून चाललेला दावा ‘काही गैरसमज’ एवढ्यावर मिटवा. कोर्टात मिटत नसला तरी पुस्तकात मिटतो.

आणि एक, हस्तलिखित छापायच्या आधी बायकोला दाखवू नका. आईच्या मृत्यूचं प्रकरण वाचून ती हमखास म्हणणार, ‘धाय मोकलून कुठे रडलात? सासूबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा तुम्ही रॉकेलच्या रांगेत होतात. कॅन तिथेच टाकून धावत आलात आणि दहाव्यापर्यंत येईल त्याला विचारत होतात, माझा कॅन कुणी पाहिला का?’

हे वाक्य चुकूनही आत घेऊ नका. वाचक तिथेच अडकेल, आणि तुमच्या सत्काराचं प्रकरण तर अजून दोनशे पानं पुढे आहे.