‘छातीतलं मशीन बंद करणं म्हणजे खून’: या मेसेजला मुद्देसूद उत्तर

“छातीत मशीन असलेल्या माणसाचा जीव सुटत नाही, कारण मशीन हृदय चालवतच राहतं. ते बंद करायला ऑपरेशन लागतं आणि बंद केलं की माणूस जागच्या जागी जातो. म्हणजे तो खूनच. घरच्यांनी या फंदात पडू नये.” अशा आशयाचा मजकूर फोनाफोनी फिरतो आहे. शेवटच्या आजारातल्या माणसाच्या घरी तो पोचला, तर त्या माणसाला नाहक वेदना सोसाव्या लागू शकतात. म्हणून हे उत्तर.

मुळात ‘मशीन’ कोणतं? मेसेज ते सांगतच नाही आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. पेसमेकर मंदावलेल्या हृदयाला बारीकसा विद्युत इशारा देतो. बहुतेकांना तो जाणवतही नाही. आयसीडी (छातीत बसवलेलं, शॉक देणारं यंत्र) याचं मुख्य काम वेगळं. हृदयाची लय जीवघेण्या वेगाने बिघडली की ते आतून जोरदार शॉक देतं. डॉक्टर मिशेल मिरोव्स्की यांच्या प्रयत्नांतून १९८० साली ते पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसलं.

पेसमेकरमुळे जीव अडकतो, हे खोटं आहे. इशाऱ्याला उत्तर द्यायला हृदयाचा स्नायू जिवंत लागतो. मृत्यू जवळ आला की प्राणवायू घटतो, रक्तातली आम्लता वाढते आणि इशारा मिळूनही स्नायू आकुंचन पावत नाही. मॉनिटरवर मात्र पेसमेकरच्या उभ्या रेघा उमटत राहतात. त्या पाहून ‘हृदय अजून चालू आहे’ असं नातेवाइकांना वाटतं. पेसमेकर शरीरात बसवलेले पहिले रुग्ण, स्वीडनचे आर्ने लार्सन, १९५८ नंतर चार दशकांहून अधिक जगले आणि २००१ साली कर्करोगाने गेले. पेसमेकरने त्यांचा मृत्यू अडवला नाही.

खरी काळजी आयसीडीची. अखेरच्या तासांत हृदयाची लय अनेकदा बिघडते. माणूस मरणपंथाला लागला आहे हे त्या यंत्राला कळत नाही, ते आपलं काम करतं. रुग्ण शुद्धीत असेल तर शॉक छातीत लाथ बसल्यासारखा लागतो, आणि तो पुन्हा पुन्हा येऊ शकतो. स्वीडनमध्ये मृत रुग्णांच्या शरीरातून काढलेल्या आयसीडींमधल्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३१ टक्के रुग्णांना शेवटच्या २४ तासांत शॉक बसल्याचं दिसलं. केस पेपरवर ‘सीपीआर नको’ (म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून ते सुरू करण्याचा प्रयत्न नको) असं लिहिलेलं असलं तरी यंत्र आपोआप थांबत नाही. ते वेगळं बंद करावं लागतं, आणि नेमकं हेच राहून जातं.

ऑपरेशन? अजिबात नाही. प्रोग्रॅमर नावाच्या संगणकावरून बाहेरूनच, काही मिनिटांत शॉक बंद करता येतो. दुखत नाही. त्याच यंत्रातलं पेसिंग, म्हणजे पेसमेकरसारखे इशारे देण्याचं काम, हवं तर चालू ठेवता येतं. तातडीची वेळ आली आणि प्रोग्रॅमर जवळ नसला, तर बहुतेक आयसीडींवर खास मॅग्नेट ठेवल्यास ते तिथे असेपर्यंत शॉक थांबतात. पेसमेकर मात्र मॅग्नेटने बंद पडत नाही, तो ठरावीक गतीने इशारे देत राहतो. आपलं मॉडेल कसं वागतं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

शॉक बंद केल्याने माणूस जागच्या जागी जात नाही. त्या क्षणी हृदयाचा ठोका बदलतसुद्धा नाही. पेसमेकरबाबत मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. ज्याचं हृदय पूर्णपणे पेसमेकरवर अवलंबून आहे, त्याचा पेसमेकर बंद केल्यास काही मिनिटांत मृत्यू येऊ शकतो. इतरांना धाप, थकवा, चक्कर पुन्हा त्रास देऊ शकतात. म्हणून पेसमेकर सहसा चालूच ठेवतात, त्याचा जाच होत नाही. निर्णय घ्यायचा तो मुख्यतः शॉकचा.

‘खून’ हा शब्द मला सर्वांत जास्त खटकतो. अशा शब्दाने आधीच खचलेल्या मुलाबाळांच्या मनात आयुष्यभराचा सल राहतो. अमेरिकेतल्या हार्ट ऱ्हिदम सोसायटी या हृदयाच्या लयीवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१० च्या निवेदनात स्पष्ट म्हटलं आहे की नकोसा झालेला उपचार थांबवण्याचा रुग्णाला हक्क आहे आणि यंत्र बंद करणं म्हणजे इच्छामरण नव्हे. मृत्यू येतो तो मूळ आजाराने. एखाद्या डॉक्टरच्या मनाला ते पटत नसेल, तर त्याने रुग्णाला दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवावं. कायद्याची पद्धत देशागणिक वेगळी असते, ती उपचार करणाऱ्यांकडून समजून घ्यावी.

आणि ‘घरच्यांनी पडू नये’? उलट, लवकर पडावं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मृत रुग्णांच्या १०० नातेवाइकांना विचारलं, तेव्हा आयसीडी बंद करण्याविषयी डॉक्टर बोलल्याचं फक्त २७ जणांनी सांगितलं. तेही बहुधा अखेरच्या काही दिवसांत. रुग्ण स्वतः बोलू शकतो तेव्हाच त्याला विचारा. यंत्र बसवताना, बॅटरी संपल्यावर ते बदलायचं का हे ठरवताना, ‘सीपीआर नको’ लिहिताना हा विषय काढता येतो. आज ‘राहू दे’ म्हणणारा उद्या मत बदलू शकतो, आणि बंद केलेला शॉक पुन्हा सुरूही करता येतो.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: दहन करायचं असेल तर दोन्ही यंत्रं आधी काढावी लागतात, कारण उष्णतेने बॅटरीचा स्फोट होतो. आयसीडी काढण्यापूर्वी त्याचा शॉक बंद केलेला हवा, नाहीतर तो काढणाऱ्याच्या हाताला बसू शकतो.