कागद नाहीत, कारण ते भट्टीत गेले

काल आत्याने घरच्या ग्रुपवर दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाबद्दलचा एक फिरता मेसेज टाकला. त्याचं म्हणणं असं: कुणाला जबरदस्तीने हलवलं नाही, झोपड्या काढून पक्की घरं दिली, भारतीयांना तर काहीच त्रास नव्हता, आणि पोलिसी छळाचे सरकारी कागद सापडत नाहीत, म्हणजे ते सगळं नंतर रचलेलं. आत्याने जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. तिलाही हे पटावं, याने मला झोप लागली नाही.

आधी कागदांचं बघू, कारण सगळ्यात चीड आणणारी गोष्ट तीच आहे. कागद जाळले, म्हणून सापडत नाहीत. वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या, डेस्मंड टुटूंच्या सत्य आणि सलोखा आयोगाने १९९८च्या अहवालात हे सविस्तर नोंदवलंय. १९९३मध्ये, गोऱ्या सरकारची सत्ता जाणार हे दिसत असताना, गुप्तचर खात्याच्या एकट्या मुख्यालयाने सहा ते आठ महिन्यांत सुमारे ४४ टन कागद आणि मायक्रोफिल्म नष्ट केली. त्यासाठी प्रिटोरियाच्या पोलाद कारखान्याची भट्टी वापरली. ज्यांनी दप्तर जाळलं, त्यांनाच आता दप्तर नसल्याचा फायदा द्यायचा?

आणि उरलेले कागद तरी खरं बोलतात का? अहमद तिमोल हा भारतीय वंशाचा २९ वर्षांचा शिक्षक. ऑक्टोबर १९७१मध्ये जोहान्सबर्गच्या जॉन व्होर्स्टर स्क्वेअर ठाण्यात, पोलिसांच्या ताब्यात असताना, उंचावरून पडून मेला. १९७२चा सरकारी निकाल: आत्महत्या, दोष कुणाचाच नाही. घरच्यांनी पिच्छा सोडला नाही. २०१७मध्ये चौकशी पुन्हा झाली, पडण्याआधीच्या मारहाणीच्या खुणा समोर आल्या आणि न्यायाधीशांनी निकाल फिरवला: त्याने उडी मारली नव्हती, त्याला ढकललं होतं. ‘भारतीयांना त्रास नव्हता’ म्हणणाऱ्याने हा निकाल वाचावा.

पक्क्या घरांत अर्धं खरं आहे, ते नाकारत नाही. सोफियाटाउन या जोहान्सबर्गमधल्या मुख्यतः काळ्या लोकांच्या वस्तीत दाटी फार होती, तिथून मेडोलँड्स या नव्या वस्तीत हलवलेल्या काही भाडेकरूंना जास्त जागा मिळाली. पण सोफियाटाउनमध्ये काळ्या माणसाच्या नावावर जमीन होऊ शकत होती, ती गेली. घरंच द्यायची होती, तर ९ फेब्रुवारी १९५५च्या पहाटे दोन हजार पोलीस कशाला आणले? पाडलेल्या जागी गोऱ्यांची वसाहत उभारली आणि तिचं नाव ठेवलं ‘ट्रायोम्फ’, म्हणजे विजय. विजय कुणावर?

केप टाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीतून तर साठ हजारांहून जास्त माणसं उठवली. तिथल्या संग्रहालयात जमिनीवर वस्तीचा भलामोठा नकाशा आहे आणि जुन्या रहिवाशांनी आपापल्या घराच्या जागी स्वतःच्या हाताने नावं लिहिलीत. शेजारी गल्ल्यांच्या मूळ पाट्या टांगल्यात. त्या जपून ठेवल्या पाडकामावरच्याच एका माणसाने.

मेसेजच्या शेवटी ‘एक तरी पुरावा दाखवा’ असं आव्हान आहे. आत्या, त्या पाट्यांचा फोटो तुला पाठवलाय.