‘लॅब मिक्स सांगून गावठी कुत्रं गळ्यात मारलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला. इतरांनाही संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. गेल्या जूनमध्ये तुम्ही आमच्या कुत्र्यांच्या दत्तक केंद्रातून एक पिल्लू नेलं. कार्डावर लिहिलं होतं, ‘नर, अंदाजे ७ आठवडे, लॅब मिक्स’, म्हणजे लॅब्राडोरचा संकर. आज ब्रूनो ११ महिन्यांचा आहे, वजन १७ किलो, कान ताठ, शेपटी पाठीवर वळलेली. सोसायटीत सगळे विचारतात, ‘हा लॅब?’ शेवटी तुम्ही डीएनए तपासणी करून घेतली आणि त्यात लॅब्राडोरचा मागमूस नाही. आम्हाला फोन केलात तर आमच्या माणसाने ‘कुत्रं ते कुत्रंच असतं मॅडम’ असं म्हणून फोन ठेवला. शिवाय लॅब शांत असतो म्हणून नेलेलं हे पिल्लू दारावर कोणीही आलं की भुंकतं.

फोनचं आधी. तो मुलगा त्या वेळी बारा पिंजरे धूत होता, पण ही सबब नाही. असं उत्तर द्यायला नको होतं. त्याच्या वतीने आणि माझ्या वतीने माफी मागतो.

आता ‘लॅब मिक्स’. ते मी लिहिलं, माझ्याच हाताने. पाच पिल्लं एका बांधकामावरच्या वाळूच्या ढिगाऱ्यात सापडली होती. आई तांबूस गावठी, बाप कोण ते कोणी पाहिलेलं नाही. एका वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळेही असू शकतात, त्यामुळे भावंडांकडे बघूनही काही कळत नाही. ब्रूनो त्यातला पिवळसर, जाड पंजांचा, पडलेल्या कानांचा, गोल पोटाचा. मी बघितलं आणि लिहून टाकलं.

खरं सांगायचं तर सात आठवड्यांचं कुठलंही धडधाकट पिल्लू लॅबसारखंच दिसतं. कान तेव्हा सगळ्यांचेच पडलेले असतात. गावठीचे पुढे दात बदलायच्या सुमारास उभे राहतात, कधी आधी एकच उभा राहतो आणि महिनाभर ते ध्यान तसंच फिरतं. गोल पोट तर जंतांमुळे होतं. औषध दिल्यावर चार दिवसांत उतरलं, पण कार्डावरचे शब्द तसेच राहिले.

रंगाची गोष्ट मला स्वतःलाच नवी होती. तुम्ही पाठवलेला रिपोर्ट आमच्या डॉक्टरांना दाखवला तर ते हसायला लागले. म्हणाले, पिवळ्या लॅबचा रंग आणि आपल्या तांबूस गावठीचा रंग दिसायला सारखा, पण आतून गोष्ट वेगळी. लॅबच्या अंगात काळा रंग बहुधा दडलेला असतोच. एक वेगळं जनुक तो केसांत उतरू देत नाही, म्हणून तो पिवळा दिसतो. ही अडवणूक आई आणि बाप दोघांकडून आली तरच पिल्लात टिकते. गावठी आईकडून ती सहसा येत नाही. म्हणून पिवळा लॅब आणि तांबूस गावठी यांची पिल्लं बहुतेक वेळा काळी होतात! म्हणजे ज्या पिवळ्या रंगावरून मी ‘लॅब’ लिहिलं, तो रंगच उलटी साक्ष देत होता. अठरा वर्षं कुत्र्यांत वावरून हे मला माहीत नव्हतं.

माझ्यासारखे चुकणारे जगभर आहेत, हे फक्त माहितीसाठी सांगतो, बचाव म्हणून नाही. अमेरिकेत २००९ साली दत्तक केंद्रांनी नुसतं बघून सांगितलेल्या जाती आणि डीएनए तपासणी यांची २० कुत्र्यांवर तुलना झाली होती. बहुतेक कुत्र्यांच्या बाबतीत दोन्ही जुळलं नाही.

पण तुमच्या अभिप्रायातला ‘गळ्यात मारलं’ हा शब्द मला जास्त लागला, आणि त्यावर विचार केल्यावर तो पूर्ण खोटा आहे असं मला म्हणवत नाही. फीसाठी आम्ही काही केलं नाही. दीड हजार रुपये सगळ्याच पिल्लांना सारखे आहेत आणि त्यात दोन लसी, जंताचं औषध आणि डिसेंबरमध्ये झालेली ब्रूनोची नसबंदी येते. पण ‘लॅब मिक्स’ लिहिलेलं पिल्लू आठवड्यात घरी जातं आणि त्याचंच ‘गावठी’ लिहिलेलं भावंड दिवाळीपर्यंत पिंजऱ्यात बसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पेन हातात असताना ते माझ्या डोक्यात नव्हतं असं मी म्हणणार नाही.

याची दुसरी बाजू तर जास्त लाजिरवाणी आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पशुपालन विभागाचं २३ ‘हिंस्र’ जाती पाळण्यावर बंदी घालायला सांगणारं पत्र आलं, त्यात पिटबुल, रॉटवायलर आणि त्यांचे संकरही होते. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, पण मधल्या काळात सोसायट्यांचे सेक्रेटरी कार्ड मागायला लागले होते. आमच्याकडून गेलेलं एक काळं, भुवयांवर तांबडे ठिपके असलेलं पिल्लू त्या धांदलीत परत आलं, कारण मी हौसेने कार्डावर ‘रॉटवायलर मिक्स’ लिहिलं होतं. असे ठिपके आपल्या गल्लीत दर दहा घरांआड एखाद्या कुत्र्याला असतात. त्या दिवसापासून आम्ही भीती वाटेल अशा जाती लिहिणं बंद केलं. लाडक्या जाती लिहिणं मात्र चालू ठेवलं. अंदाज दोन्हीकडे तेवढाच कच्चा होता.

आता दोन ठिकाणी मी तुमच्याशी सहमत नाही.

रिपोर्टमध्ये ‘व्हिलेज डॉग’ लिहून आलं, त्याला तुम्ही ‘कशाचीच जात नाही’ असं म्हटलंय. तसं नाही. या तपासण्या कुत्र्याचं डीएनए आधीच्या नमुन्यांशी ताडून बघतात. नमुन्यांत गावठी कुत्रीच नसतील तर त्याच्यावर कुठल्या तरी विलायती जातींचे तुकडे चिकटवले जातात. तुमच्या तपासणीत ते नमुने होते, म्हणून उत्तर सरळ आलं. आणि गावठी म्हणजे पाच जातींची भेळ नव्हे. आज आपण ज्यांना ब्रीड म्हणतो त्यातल्या बहुतेक जाती एकोणिसाव्या शतकात नीट आखून ठरवल्या गेल्या. लंडनचा केनेल क्लब १८७३ चा, त्याने लॅब्राडोरला मान्यता दिली १९०३ मध्ये. आपल्या गावकुसाबाहेर झोपणारं कुत्रं त्याच्या फार आधीपासून इथे आहे. मिक्स म्हणायला आधी वेगळ्या जाती असाव्या लागतात, म्हणून ब्रूनोच्या बाबतीत ‘लॅब’ जितकं चूक, तितकंच ‘मिक्स’ही.

दुसरं भुंकण्याचं. लॅब असता तर शांत असता, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हजारो कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन आणि दोन हजारांवर कुत्र्यांचं डीएनए तपासून बघितलं, तर एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे होता. मालक गावाला गेले की कुत्री ठेवतात त्या आमच्या बोर्डिंगमध्ये दर मे महिन्यात येणारा एक अस्सल, कागदपत्रंवाला लॅब आहे. त्याचा आवाज दिंडोरी रोडपर्यंत जातो. ब्रूनो जिन्यातल्या पावलांवर भुंकतोय. त्याची झोपायची जागा दारापासून हलवा आणि संध्याकाळचं फिरणं वीस मिनिटांवरून पाऊण तासावर न्या. तरी कमी झालं नाही तर रविवारी सकाळी घेऊन या, आमच्याकडे शिकवणारे आहेत, त्याचे पैसे नकोत.

एप्रिलपासून आमच्या कार्डावर जातीचा रकाना नाही. दातांवरून सांगता येतं तेवढं वय, दर आठवड्याचं वजन, ताटली उचलली तर गुरगुरतो का, लहान मुलं आली की पुढे येतो की मागे सरकतो, एवढंच लिहितो. मोठेपणी किती वाढेल असं कोणी विचारलं तर ‘पंधरा ते पंचवीस किलो, यातलं काहीही’ असं सांगतो. परवा एक कुटुंब हे ऐकून परत गेलं. जाऊ दे.

परवा एक मेंढपाळ आजोबाही आले होते. पूर्वी मी ‘ग्रेहाउंड मिक्स’ लिहिलेलं एक सडपातळ कुत्रं बघून म्हणाले, ‘कारवानीचं रगात हाय ह्यात.’ कारवानी म्हणजे आपल्याकडची सडपातळ शिकारी कुत्र्यांची जात. मी मान डोलावली. कार्डावर मात्र काही लिहिलं नाही.

तुमचे दीड हजार रुपये परत करतो, चुकीच्या माहितीवर घेतले होते. खात्याचा तपशील इथे लिहू नका, फोनवर द्या. करारानुसार कुत्रं परत घ्यायलाही आम्ही बांधील आहोत. तुमच्या एवढ्या मोठ्या अभिप्रायात ‘परत’ हा शब्द मी दोनदा शोधला, सापडला नाही. तारा एकच ठेवलात तरी चालेल.

ब्रूनोचं रेबीजचं वार्षिक इंजेक्शन जुलैअखेरीस आहे. येताना जुनं कार्ड आणा, ते दोन शब्द मीच खोडून सही करून देतो.