आवडता खेळ मारून त्याच्या नावानं गळा काढायची कला

तुम्हाला अॅडव्हेंचर गेम किती आवडायचे हे आम्हाला पाठ आहे. चार समवयस्क जमले की तुम्ही ते सांगताच. पडद्यावरच्या माणसाला इकडून तिकडे चालवायचं, दिसेल ती वस्तू उचलून खिशात टाकायची आणि पोटात कप्पी बसवलेली रबरी कोंबडी नेमकी कशाला लागते याचा रात्रभर विचार करायचा. मग तुमचा उसासा येतो, 'आता तसे गेम येत नाहीत हो!' उसासा झकास असतो. फक्त हे गेम फुकट कॉपी करणाऱ्यांनी, म्हणजे पायरसीनं मारले असं म्हणतात, तेव्हा शोक करताना खुनाच्या हत्यारावर आपल्याच बोटांचे ठसे दिसणार नाहीत, एवढी काळजी घ्या. त्यासाठी ही थोडी मदत.

सुरुवात 'तेव्हा विकत मिळतच नव्हते' या वाक्यानं करा. ते निम्मं खरं आहे आणि म्हणूनच जबरदस्त आहे. नव्वदच्या दशकात लॅमिंग्टन रोडवरून असेंबल केलेला पीसी घरी आला की दुकानदारानं त्यात गेम भरूनच दिलेले असायचे, आणि त्याचे पैसे बिलात कुठेच नसायचे. तेव्हा तुमच्या खिशात डॉलर नव्हते, क्रेडिट कार्ड नव्हतं, हे कुणीही मान्य करेल. आज मात्र खिशात यूपीआय आहे आणि तरीही टॉरेंटवरून फुकट उतरवणं चालूच आहे, हा विषय निघायच्या आत चहा मागवा.

त्यानंतर कॉपी रोखण्यासाठी कंपन्यांनी ग्राहकाचा कसा छळ केला त्याकडे वळा. इथे तुमची बाजू खरोखर भक्कम आहे. 'मंकी आयलंड' या चाच्यांच्या गेमचा पहिला भाग (१९९०) घ्या. खोक्यात पुठ्ठ्याच्या दोन गोल चकत्या मधोमध जोडलेल्या असत. एकीवर चाच्यांच्या चेहऱ्यांचे वरचे अर्धे भाग, दुसरीवर खालचे. पडद्यावर एक चेहरा यायचा आणि या चाच्याला अमुक ठिकाणी फाशी कधी दिली, असा प्रश्न पडायचा. चकती फिरवून कपाळाला हनुवटी जुळवायची, त्या ठिकाणाच्या नावाच्या खिडकीत डोकावायचं आणि दिसेल ते साल टाइप करायचं. घर बदलताना चकती हरवली की स्वतःच्या पैशानं घेतलेला गेम बंद. तुमच्याकडच्या कुलूप फोडलेल्या प्रतीला मात्र कुठलंही साल चालायचं. ज्यानं पैसे मोजले त्याची दारात झडती आणि तुम्ही थेट बेटावर. या व्यवस्थेचा निषेध तुम्ही जरूर करा, तुमच्याइतका तिचा फायदा दुसऱ्या कुणाला झालेला नाही.

'मंकी आयलंड' काढणाऱ्या लुकासफिल्म गेम्सच्याच (पुढची लुकासआर्ट्स) 'झॅक मॅक्रॅकन'मध्ये (१९८८) अमेरिकेबाहेर विमानानं जायला खोक्यातल्या कागदावरचा व्हिसाचा कोड लागायचा. चुकीचे कोड देत राहिलात तर नायक तुरुंगात, आणि वर सॉफ्टवेअरच्या चोरीवर प्रवचन. ते प्रवचन ऐकल्यावर तुमच्यात काय बदल झाला? तुम्ही कोडच्या कागदाची झेरॉक्स काढलीत. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या सॉफ्टवेअर प्रकाशकांच्या संघटनेनं 'फ्लॉपी कॉपी करू नका' असं सांगणारं रॅप गाणं काढून शाळांमध्ये पाठवलं. ते लोकांना अजून आठवतं, हसायला.

जंगलातल्या त्या झाडाच्या खोडाचा किस्साही तुम्ही सांगत असालच. खोड तपासलं की 'मंकी आयलंड' २२ नंबरची डिस्क मागायचा, मग ३६, मग ११४. एवढ्या डिस्का खोक्यात नव्हत्याच, ती निव्वळ थट्टा होती. पैसे भरलेल्यांनी घाबरून कंपनीला फोन लावले. तुम्ही ज्याच्याकडून कॉपी केली त्या मित्राशी बोलणं टाकलंत.

आता एक नाजूक जागा. हे गेम एकदा सुटले की संपले. रहस्य कळल्यावर पुन्हा खेळणार कोण? म्हणजे फुकट खेळलेला माणूस नंतर विकत घ्यायला येईल ही आशाच नको. वर तो अडकला तरच पैसे सोडायचा. सिएरा या गेम कंपनीच्या 'लेजर सूट लॅरी'चा (१९८७) कर्ता अल लो सांगतो की गेमपेक्षा त्याच्या उत्तरांची पुस्तिका जास्त खपली. गेम न घेता नुसती उत्तरं कोणी विकत घेतली असतील, याची चौकशी तुम्ही करू नका.

कुणी फारच खनपटीला बसलं तर त्याच्यावर इतिहास फेका. फ्लॉपी कॉपी करणं सर्वांत सोपं होतं ते ऐंशीचं दशक, आणि तेव्हाच हे गेम भरभराटीला आले. 'मिस्ट' (१९९३) साठ लाखांवर खपला. त्याच वर्षी डिसेंबरात 'डूम' हा धडाधड गोळ्या झाडायचा गेम आला, आणि त्याच्या कर्त्यांनी पहिला भाग फुकट देऊन 'करा कॉपी, वाटा गावभर' असं सांगितलं. लोकांनी वाटला आणि उरलेल्या भागांचे पैसे मुकाट्यानं भरले. हा मुद्दा खरा आहे, म्हणून जपून वापरा. समोरचा लगेच विचारेल, 'मग तुम्ही त्या उरलेल्या भागांचे भरलेत का?'

तुम्ही चोर नसून कंपनीचे मालक असाल तर तुमच्यासाठीही सोय आहे. सगळं खापर कॉपी करणाऱ्या पोरांवर फोडा. 'गेब्रिएल नाइट ३' (१९९९) मध्ये मित्राच्या नावावर राखून ठेवलेली मोटरसायकल मिळवायची असते. त्यासाठी अवजारांच्या खोलीच्या दाराला असलेल्या भोकाला चिकटपट्टी लावा, मांजरावर पाणी उडवून त्याला तिथून पळवा, पट्टीला लागलेल्या केसांची मिशी करा आणि ती मेपलच्या पाकानं ओठावर चिकटवा. ज्या मित्राचं सोंग घ्यायचं त्याला मिशीच नाही, म्हणून त्याच्या पासपोर्टवर पेनानं मिशी काढा. हे न सुचून ग्राहक दुसऱ्या खेळाकडे गेला, तर ती अर्थातच पायरसी.

आणि हिशेबाच्या वह्या मात्र कुणाला दाखवू नका. सिएरा १९९६ मध्ये सीयूसी नावाच्या कंपनीनं घेतली, शेअर्सच्या मोबदल्यात. दोन वर्षांनी उघडकीला आलं की सीयूसीचा नफा कागदावरच फुगवलेला होता, आणि तोही काही वर्षं. आकडा पन्नास कोटी डॉलरच्या आसपास. शेअर कोसळला, सिएरा फ्रेंच मालकाकडे गेली आणि २२ फेब्रुवारी १९९९ च्या सोमवारी कॅलिफोर्नियातल्या ओकहर्स्टचा तिचा जुना स्टुडिओ बंद झाला. सीयूसीच्या अध्यक्षांना २००७ मध्ये बारा वर्षं सात महिन्यांची शिक्षा झाली. आता एवढ्या आकड्यांशेजारी तुमची फ्लॉपी ठेवून बघा, किती निष्पाप दिसते! हे तुमच्या फार उपयोगाचं आहे. मोठा दरोडेखोर शेजारी उभा असला की खिसेकापूला समाजसेवक म्हणून मिरवता येतं.

एक धोक्याची सूचना तेवढी राहिली. हे गेम अधूनमधून परत येतात आणि शोकसभेचा विचका करतात. लुकासआर्ट्सचा जुना गेमकर्ता टिम शेफरनं २०१२ मध्ये नवा अॅडव्हेंचर गेम करायला लोकांकडे चार लाख डॉलर मागितले, तर त्यांनी तेहतीस लाखांहून जास्त दिले. पुढे २०२२ मध्ये मूळ 'मंकी आयलंड'चा कर्ता रॉन गिल्बर्टनं नवा 'मंकी आयलंड' आणला, तोही उत्तरांच्या पुस्तिकेसकट. पुस्तिका गेमच्या आतच आहे, त्यामुळे वेगळी झेरॉक्स काढायला काही उरलेलं नाही. अशा वेळी घाबरून पाकीट काढू नका. गेम बाजारात येण्याआधी त्यातली चित्रं बघा, 'हा आमचा मंकी आयलंड नव्हेच' असं जाहीर करा आणि ज्यानं मूळ गेम केला त्यालाच तो कसा असायला हवा ते समजावून सांगा. शिव्या घालायलाही हरकत नाही. लोकांनी त्या घातल्याच, आणि गिल्बर्टनं वैतागून आपल्या ब्लॉगवरच्या प्रतिक्रिया बंद केल्या. तिथली जागा गेली. तुमची प्रतिक्रिया तुम्ही टॉरेंटच्या पानाखाली लिहा, तिथे आपलीच माणसं भेटतील.