खेकड्याची नांगी तोडायला मुलांना शिकवू नका

'मुलांना दाखवा जगातला राक्षसी खेकडा' असा एक मजकूर सध्या पुण्यात सोसायट्यांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतोय. वहिनीने तो माझ्या पुतण्याला वाचून दाखवला. सहा वर्षांचं पोर. ताम्हिणीला ओढ्यात खेकडा दिसल्याबरोबर त्याने तो धरला आणि नांगी पिरगळायला लागला. ओरडलो, तर म्हणे, "काका, परत येते ना ती!"

मजकुरात तसंच लिहिलंय: 'खेकड्याला वेदना नसतात. नांगी तोडून मुलांच्या हातात द्या, ती पुन्हा उगवते.'

उगवते, हे खरं. पण कधी? खेकडा कात टाकेल तेव्हा. पहिल्या खेपेला येते ती छोटीशी, पुरती वाढायला आणखी काही वेळा कात टाकावी लागते आणि मोठे खेकडे कात क्वचितच टाकतात. तोवर त्याने खायचं कसं, स्वतःला वाचवायचं कसं? शत्रूच्या तावडीत सापडल्यावर खेकडा आपणहून नांगी सोडतो, ती बुडाशी ठरलेल्या जागी, आणि तिथली जखम लगेच मिटते. आपण पिरगळून ओढली तर ती भलतीकडेच फाटते आणि रक्त वाहत राहतं. ते लाल नसतं, फिकट निळसर असतं, त्यामुळे पोरांना पाणीच वाटतं.

वेदनेचं म्हणाल तर बेलफास्टचे प्राणीवर्तन-अभ्यासक रॉबर्ट एलवूड यांचे प्रयोग बघा. अंधाऱ्या आडोशाला जाणं खेकड्याला आवडतं. दोन आडोसे ठेवून एकात सौम्य विजेचा झटका दिला, तर काही खेपांतच खेकडे तो आडोसा टाळायला शिकले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी 2021 मध्ये 300 हून अधिक अभ्यास तपासले. खेकड्यांना संवेदना असल्याचा पुरावा भक्कम आहे, असा त्यांचा निष्कर्ष. त्यानंतर 2022 च्या ब्रिटिश प्राणीकल्याण कायद्यात खेकडे घेतले गेले. इतकं सगळं असताना आपण लहान मुलांना सांगणार की त्याला काही होत नाही?

बाकीचे मुद्दे. 'हा राक्षस समुद्रात राहतो, नारळ चोरायला बाहेर येतो.' साफ चूक. मजकुरातला हा राक्षस म्हणजे नारळ-खेकडा, तो जमिनीवर राहतो, मोठा झाल्यावर पाण्यात टाकला तर बुडून मरतो. अंडी सोडायला मादी किनाऱ्यावर जाते, पिल्लं काही आठवडे समुद्रात तरंगतात, मग शंखात शिरून जमिनीवर येतात आणि अंगचं कवच टणक झालं की शंख सोडून देतात. मुलांना सांगायची गोष्ट ही आहे, आणि नेमकी तीच मजकुरात नाही. आपल्या अंदमान-निकोबारच्या काही बेटांवर तो आढळतो. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.

'लहान मुलांना उचलून नेतो.' थाप. वजन फार तर चार किलो, पाय पसरले तर मीटरभर. पडलेली फळं, नारळ, मेलेले प्राणी हे त्याचं खाणं. पक्षी मारल्याची नोंद आहे, तेवढं मान्य. नांगीचा जोरही खरा आहे: जपानी संशोधकांनी 2016 मध्ये ओकिनावातल्या खेकड्यांवर मोजला, तो जास्तीत जास्त सुमारे 180 किलो वजनाइतका भरला. तेव्हा त्याच्या जवळ बोट नेऊ नये, हे जरूर सांगा.

'कोकणात सापडला' म्हणून दिलेला लांबच लांब पायांचा फोटो जपानी कोळी-खेकड्याचा आहे. तो जपानजवळच्या खोल समुद्रात राहतो, कोकणात नाही.

मुलांना जवळून दाखवायचाच असेल तर ओढ्यातला खेकडा दाखवा, न उचलता. त्याच्या पोटाखाली दुमडलेली झडप नराची निमुळती असते, मादीची रुंद. गोड्या पाण्यातल्या या मादीची अंडी आणि नंतर बारकी पिल्लं त्या झडपेखालीच वाढतात. ज्यांनी हा मजकूर पुढे पाठवलाय, त्यांनी निदान 'वेदना नसतात, नांगी तोडा' ही ओळ चुकीची आहे, एवढं त्याच ग्रुपवर आजच लिहावं.