कॅमडेनला जा, पण खाली बघू नका

लंडनला मुलाकडे किंवा भाचीकडे राहायला गेलात की एक शनिवार कॅमडेन मार्केटला जातोच. तो नीट पार पडावा म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची ही की, पायाखाली काय आहे याची चौकशी करायची नाही. या भागात जे बघण्यासारखं आहे ते जवळजवळ सगळं जमिनीखाली आहे, आणि तिथे खायला काही मिळत नाही.

स्टेशनातून बाहेर पडल्यावर गर्दी नेईल तिकडे जा. वाटेत एक कालवा लागेल. हा रीजंट्स कॅनॉल. १८१६ मध्ये तो पॅडिंग्टनहून इथवर आला आणि १८२० मध्ये लाइमहाउसला टेम्स नदीला जाऊन भिडला. इथे लॉकच्या, म्हणजे पाण्याची पातळी बदलून नावा वर-खाली करणाऱ्या कोठीच्या, दारांशी फोटो काढण्याची प्रथा आहे, ती पाळा. पण काठाच्या वाटेने पश्चिमेकडे मात्र वळू नका. वळलात तर थोड्याच अंतरावर एक भलीमोठी विटांची वखार आडवी येईल आणि तुमचा वडापाव, म्हणजे तिथे जो काही फ्यूजन वडापाव मिळतो तो, थंड होईल.

या वखारीला इंटरचेंज म्हणतात. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने ती विसाव्या शतकाच्या पहिल्या पाच वर्षांत बांधली. हिच्या पोटात पाणी आहे. गळती नव्हे हो, आपल्या सोसायटीचा अनुभव बाजूला ठेवा. कालव्याचा एक फाटाच मुद्दाम इमारतीखाली घेतलेला आहे. खांब पाण्यात उभे आहेत. नाव थेट इमारतीच्या खाली यायची, वरच्या मजल्यावर रेल्वेचे डबे उभे असायचे, आणि जमिनीतल्या झडपा उघडून माल वर किंवा खाली व्हायचा. बाजूला घोडागाड्या असायच्याच. त्यावरचे मजले साठवणीचे आणि लगतची तळघरं दारूच्या पिंपांची, कारण विटांच्या कमानीखाली उन्हाळा-हिवाळ्याचा फारसा फरक पडत नाही. नाव, रेल्वे आणि गाडी यांची एकाच छपराखाली गाठ घालून देणारी इमारत! आपल्याकडे तीन खात्यांना एका टेबलाशी बसवता येत नाही, म्हणून हे जरा जास्तच कौतुकाचं वाटण्याचा धोका आहे. सांभाळा.

तरीही पाऊल वळलंच, तर निदान त्या पाण्याचं टोपणनाव तेवढं लक्षात ठेवा: डेड डॉग बेसिन. मेलेली जनावरं वाहत येऊन इथे अडकायची म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर हे सांगितलं की झालं, बांधकामाबद्दल कोणी विचारत नाही.

आसपासच्या तळघरांना लोक ‘कॅमडेनची कॅटाकोम्ब्स’, म्हणजे भुयारी दफनभूमी, म्हणतात. सोबत लहान मुलं असतील तर खाली सांगाडे आहेत असं बेधडक सांगा. वास्तविक तिथे कोणालाही कधी पुरलेलं नाही. घोडे होते. मालधक्क्यावर शेकडो घोडे राबायचे, आणि त्यांनी गाड्यांच्या रुळांमधून जाऊ नये म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्यासाठी बोगदे खणले गेले. उजेडाची सोय म्हणून वर रस्त्यात ठरावीक अंतरावर ओतीव लोखंडाच्या जाळ्या बसवल्या. त्यांतल्या काही अजून आहेत. खालून काय जायचं ते कळलं की त्या जाळीवर उभं राहून आइस्क्रीम खाववत नाही. म्हणून हा परिच्छेद विसरून जा. घोड्यांची आवड असेल तर स्टेबल्स मार्केटमध्ये ब्राँझचे घोडे आहेत. ते राबत नाहीत आणि फोटोत हलतही नाहीत.

सर्वांत मोठ्या तळघराबद्दल तर मी बोलणारच नव्हतो. अभियंता रॉबर्ट स्टीफन्सनच्या रेल्वेला हा कालवा वरून ओलांडायचा होता, त्यामुळे युस्टन स्टेशनापासून इथवरचा चढ तीव्र झाला. मग १८३७ मध्ये रुळांखाली कमानींचं एक दालन बांधून त्यात वाफेची यंत्रं बसवली, आणि ती दोराने गाड्या वर ओढू लागली. १८४४ मध्ये हे बंद पडलं, कारण इंजिनांना एव्हाना स्वतःच्या बळावर चढता येऊ लागलं होतं. सात वर्षांसाठी केवढा खटाटोप! दालन मात्र अजून तिथेच आहे, पाण्याने भरलेलं, संरक्षित वास्तूंच्या यादीत वरच्या श्रेणीत नोंदलेलं, आणि कुलूपबंद. वारसा जपण्याची ही पद्धत आपल्यालाही परकी नाही.

आता तुमच्यापैकी कोणाच्या ताब्यात गावाकडे एखादी जुनी वखार असेल आणि ती टिकावी असं मनापासून वाटत असेल, तर कॅमडेनचा धडा घ्या. तिथे जाणकारांची समिती वगैरे कामी आली नाही. कामी आला तो न झालेला रस्ता. १९६० च्या दशकात लंडनभोवती मोटरवेचं कडं घालायचं घाटत होतं आणि ते कॅमडेनवरून जाणार होतं. जागा आज ना उद्या पाडायचीच, मग नवं बांधणार कोण? कालव्याकाठचे धक्के आणि शेड थोड्या मुदतीने, स्वस्तात भाड्याने मिळू लागले. १९७३ मध्ये योजना बारगळली, १९७४ मध्ये तिथे हस्तकलेच्या वस्तूंचा बाजार भरू लागला, आणि बघता बघता तो एवढा नावारूपाला आला की आता त्या इमारती पाडायच्या म्हटलं तर दुकानदारच आडवे पडतील. तेव्हा वास्तू वाचवायची असेल तर तिच्यावरून सहापदरी रस्ता मंजूर करून घ्या. काम सुरू होणार नाही एवढं फक्त बघा. त्यासाठी वेगळे प्रयत्न करावे लागतील असं वाटत नाही.

रस्ता मंजूर होत नसेल तर दुसरा उपाय आहे: इमारत बांधतानाच कालबाह्य करायची. जवळचं राउंडहाउस बघा. १८४७ मध्ये इंजिनं वळवायला आणि उभी करायला ही गोल शेड उभारली, आणि थोड्याच वर्षांत इंजिनं तिच्यात मावेनाशी झाली. पुढे तिथे कित्येक दशकं जिन या दारूचा साठा राहिला, नंतर नाटकं आणि गाणी आली. मुंबईकरांना हे समजावायला नको. गिरणीच्या आवारात मॉल आला की चिमणी तेवढी राखतात, आणि खाली कोण राबत होतं हे सांगणारा फलक कॉफीच्या जाहिरातीमागे जातो.

संध्याकाळी पाय दुखले तर लिटल व्हेनिसला जाणारी बोट घ्या. वाटेत प्राणिसंग्रहालय लागेल, फोन बाहेर काढा आणि माकडं दिसतात का बघा. त्यानंतर मॅकल्सफील्ड पूल येतो. २ ऑक्टोबर १८७४ ला पहाटे इथे बंदुकीची दारू आणि पेट्रोलियम नेणाऱ्या एका नावेचा स्फोट होऊन पूल उडाला आणि नावेवरची माणसं गेली. पुलाचे लोखंडी खांब मात्र शाबूत राहिले. नवा पूल बांधताना तेच खांब फिरवून पुन्हा उभे केले. म्हणून नावा ओढणाऱ्या दोरांचे चरे त्यांच्या दोन्ही अंगांना पडलेले आहेत, स्फोटाआधीचे एका बाजूला आणि नंतरचे दुसऱ्या. बोट अगदी जवळून जाते आणि चरे स्पष्ट दिसतात. तेवढा वेळ माकडांचे फोटो चाळायला घ्या, हललेले असतील ते उडवून टाका.