ब्लॉक बसवायला एक दिवस, मग आठ दिवस कसले? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार खजिनदार साहेब,

दुकानांच्या कॉम्प्लेक्सच्या पार्किंगला पेव्हर ब्लॉक बसवण्याआधी जमिनीची काय तयारी करायची, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. चिडून लिहिलीत, पण मुद्द्याचं लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : भोसरीच्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये पुढच्या बाजूला एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, जुन्या डांबरावरच कच (दगडाचा बारीक चुरा) पसरून ब्लॉक टाकले, वर्ष झालं, काही बिघडलं नाही. खोदाई, मुरूम, रोलर हे हायवेचं शास्त्र तुम्ही चार मोटारींच्या पार्किंगला लावताय. यात फायदा ठेकेदाराचा, आणि आठवडाभर गल्ला बंद आमचा.

आधी ठेकेदाराचं बघू, कारण हिशेब तुमच्याच खात्यातला आहे. ‘ब्लॉक बसवून इतके रुपये चौरस फूट’ असा एकच दर लावला असेल, तर खाली जितकं कमी काम तितकी त्याची कमाई जास्त. एका गुरुवारात काम उरकण्यात त्याचं कसलं नुकसान? म्हणून मी म्हणतो, कोटेशनमध्ये खोदाई, मुरूम, खडीचा थर, दबाई, कर्ब स्टोन (कडेला लावायचे दगड) यांच्या ओळी वेगवेगळ्या मागा. आणि थराची जाडी ‘दाबून 15 सेंटिमीटर’ अशी लिहून घ्या. नुसतं 15 सेंटिमीटर लिहिलं तर डंपरमधून पडलेला भुसभुशीत मुरूम मोजला जातो. रोलर फिरला की त्यातले तीनचार सेंटिमीटर सहज जातात, आणि पैसे तुम्ही दिलेले असतात.

जुन्या डांबरावर ब्लॉक चालतच नाहीत असं नाही. डांबर अखंड असेल आणि उतार बरोबर असेल तर चालतात. पण 80 मिलिमीटरचा ब्लॉक आणि खाली 30 मिलिमीटर कच म्हणजे जमीन सव्वाचार इंच वर आली. दुकानाची पायरी तेवढी बुटकी झाली. पायरी मुळात एकच असेल तर जोराच्या पावसात पाणी थेट शटरखालून आत. चेंबरची झाकणं खड्ड्यात गेली, ती उचलून घ्यायचा खर्च वेगळा. शिवाय सांध्यांतून झिरपलेलं पाणी डांबरावर अडून बसतं. वरून चाक गेलं की ते सांध्यांतून वर येतं आणि येताना बारीक कच घेऊन येतं. त्यासाठी सखल बाजूला डांबराला भोकं पाडून त्यांत बारीक खडी भरावी लागते. तुमच्याकडे ती पाडली होती का, विचारून बघा. वर्ष झालं म्हणता, म्हणजे एकच पावसाळा झाला.

आता ‘चार मोटारी’. तुमच्याकडे पाण्याचा टँकर येत असेलच. 10,000 लिटरचा टँकर म्हणजे नुसतं पाणीच 10 टन, गाडीचं वजन त्याच्यावर. तो रोज त्याच वाटेने येतो आणि उभ्याउभ्या चाकं पिरगाळत वळतो. आयएस 15658 या पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकात हलक्या रहदारीला 60 मिलिमीटरचा एम 35 (हा काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) ब्लॉक आणि मध्यम रहदारीला 80 मिलिमीटरचा एम 40 सांगितला आहे, ते उगाच नाही. दुचाकीच्या रांगांना 60 पुरतो. टँकरची वाट आणि टेम्पो लावायची जागा मात्र 80 चीच ठेवा.

पण ब्लॉक कितीही जाड घ्या, तो मातीचं दुखणं झाकत नाही. तुमच्या मागच्या बाजूला डांबर नाही, नुसती माती आहे असं लिहिलंय. ती काळी असेल तर उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि वरचं सगळं सोबत हलवते. ती काढून मुरूम भरायचा, थराथराने, पाणी मारून. पाणी किती? मूठभर मुरूम घेऊन आवळा. हात उघडल्यावर गोळा टिकला आणि तळवा ओला झाला नाही, तर रोलर फिरवा. पाणी बोटांतून गळलं तर थांबा, वाळू द्या. सगळे थर झाले की भरलेला डंपर माणसाच्या चालीने त्यावरून न्या आणि चाकाशेजारी ओणवे होऊन बघा. चाकाखाली जमीन उशीसारखी दबून मागे पुन्हा वर येत असेल, तर तेवढा तुकडा उकरून परत करायचा. या तपासणीला पैसे पडत नाहीत, तरी ती कुणी करत नाही.

उतारही इथेच, मुरमात काढायचा. दर मीटरला 2 सेंटिमीटर. 20 मीटर रुंदीला 40 सेंटिमीटरचा फरक येतो, म्हणून पाणी कुठल्या गटारात जाणार हे आधी ठरवून दोरी बांधायची. आपल्याकडे खड्डे कचेने भरून वरून लेव्हल दाखवतात. जिथे कच जाड तिथे ब्लॉक आधी खचतो आणि डबकं होतं. खड्डा भरायचा तो मुरमाने किंवा खडीने. कच सगळीकडे सारखी हवी.

राहिला गल्ला. पार्किंग पूर्ण बंद ठेवा असं मी कुठे म्हटलेलं नाही. निम्मं निम्मं करा. खोदाई गुरुवारी धरा. त्याआधी महावितरणची केबल आणि पाइप कुठून गेलेत हे जुन्या माणसाला विचारून चुन्याने आखा, नाहीतर जेसीबी पहिल्याच तासाला अख्ख्या कॉम्प्लेक्सचे दिवे घालवेल. आठ दिवसांतले दोनतीन तर कर्ब स्टोनमागच्या काँक्रीटला पाणी मारण्यात जातात. कडा घट्ट झाल्याशिवाय ब्लॉक दाबले तर ते बाहेर सरकतात. तेवढ्यात दुसऱ्या निम्म्या भागात गिऱ्हाइकांच्या गाड्या लागतात, दुकानं चालू राहतात.

आणि प्रत्येक पार्किंगमध्ये असते तशी धुळीने माखलेली, टायर बसलेली एखादी बेवारस स्कूटर तुमच्याकडेही असणार. कुणाचीच नाही म्हणून स्वतः उचलू नका. फोटो काढा, नंबरासकट पोलीस चौकीला लेखी कळवा. हे काम खोदाईच्या दोन आठवडे आधी सुरू करा, कारण सगळ्यात जास्त वेळ तीच खाते.

मागच्या बाजूचं काम मेमध्येच संपवा. जूनमध्ये उघडी पडलेली माती म्हणजे चिखल आणि दुप्पट खर्च. कोटेशन आलं की ठेकेदाराचं नाव झाकून इथे टाका, बघतो.